घरखूण

रक्तपेशींच्या सूचीची पांढरी गाडी कोरेगावच्या महिला निवाऱ्याच्या आवारात शिरली, तेव्हा इंदुमती खैरमोडे व्हरांड्यात बसून परकरात नाडी ओवत होती. समोर सगुणा बसली होती. नाडी इकडून आत सरकवायची ती इंदुमतीनं आणि पलीकडून टोक दिसलं की ओढून घ्यायचं ते सगुणानं, अशी त्या दोघींची वाटणी पंधरा वर्षं चालत आलेली.

इंदुमतीचं वय चौऱ्याहत्तर. कराडला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिनं तीस वर्षं मशीन मारलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पुतण्यानं तिला इथं आणून सोडलं ते 'घराची डागडुजी आहे, दोन महिने राहा' असं सांगून. पंधरा वर्षं झाली. घराची डागडुजी अजून चालूच होती.

सगुणा तिच्याही आधी वर्षभर इथं आलेली. दोन हजार सत्तावीस साली कोरेगाव स्टेशनच्या अलीकडे रुळांलगत ती सापडली होती. डोक्याला मोठी जखम होती आणि वाचा गेलेली. बोटांवरच्या रेषा कामानं घासून गुळगुळीत झालेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू. आधारच्या यंत्रानं तिला तीनदा नाकारलं. रजिस्टरात काहीतरी नाव लिहायला हवं, म्हणून अधीक्षिका प्रतिभाताई दाणी यांनी आपल्या आईचं नाव दिलं. सगुणाला आता दोनच आवाज काढता यायचे. एक 'हां', आणि एक जिभेचा टच्. त्या दोन आवाजांत ती काय काय बोलायची ते निवाऱ्यात एकट्या इंदुमतीला कळायचं.

गाडीतून उतरलेली बाई तिशीची होती. डॉ. मेहजबीन इनामदार. पुण्याच्या ज्या संस्थेनं ही सूची करायला घेतली होती, तिथली. एकोणचाळीस सालच्या दसऱ्यापासून अशा चाळीस गाड्या राज्यात फिरत होत्या.

"थेंबभर रक्त घ्यायचं आहे," तिनं व्हरांड्यातल्या बायकांना सांगितलं. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपली राखण करतात, हे तुम्हांला माहीत आहे. त्या प्रत्येक पेशीच्या अंगावर बाहेरच्या बाजूनं प्रथिनं असतात, हजारो. त्यांच्यावरूनच पेशी एकमेकींना ओळखतात, आपलं कोण, परकं कोण ते ठरवतात. पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी चारएकशे प्रथिनांना नंबर दिले होते. आमचं यंत्र एकेक पेशी उजेडात धरून तिच्या अंगावरचं सगळंच वाचतं. कुणाच्या पेशीवर काय आहे, त्याची आम्ही यादी करतोय."

"म्हंजे कोटाची हुकं आन् काजं," इंदुमती म्हणाली. "वरनं बघून सांगायचं, कोट कुठल्या शाळेचा."

मेहजबीन हसली. "आजी, हे मी उद्यापासून सगळीकडे सांगणार."

सगुणा उजव्या दंडाला कुणाला हात लावू द्यायची नाही. इंदुमतीनं आधी स्वतःचं बोट पुढं केलं, टोचून घेतलं, कापूस दाबला, आणि मग सगुणाचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. सगुणानं टच् केलं, पण हात मागे घेतला नाही. गाडी तासाभरात निघून गेली. दोघी पुन्हा नाडी ओवायला बसल्या.

*

तीन महिन्यांनी मेहजबीन परत आली ती सरकारी गाडी न घेता, एकटीच, बसनं. दाणीबाईंच्या खोलीत तिनं इंदुमतीला बोलावून घेतलं.

"सगुणाबाईंचा भाऊ सापडला आहे," ती म्हणाली.

इंदुमतीला आधी आनंद झाला. तो चांगला मोठा आनंद होता, आणि तो होऊन गेल्यावर मग, भाऊ म्हणजे तिला न्यायला येणार, हे लक्षात आलं.

मेहजबीननं सावकाश सांगितलं. पेशींवरची काही प्रथिनं जन्मानंच मिळतात. मूत्रपिंड बसवताना डॉक्टर तीच जुळवून बघतात. सख्ख्या भावंडांत ती पुष्कळदा जशीच्या तशी असतात. सूचीत त्याला वंशखूण म्हणत. भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळच्या उमरटोली गावातल्या एका माणसाची वंशखूण सगुणाशी जुळली. बहीण हरवल्याचं त्यानं फॉर्मवर लिहूनच ठेवलं होतं. नंतर रीतसर तपासणी झाली. शंका उरली नव्हती.

"पण मी आले ते त्यासाठी नाही. तेवढं पत्रानंही कळवता आलं असतं," ती म्हणाली. "यादी करता करता आम्हांला दुसरंच काहीतरी दिसलं. एका घरात वर्षानुवर्षं राहणारी माणसं एकच पाणी पितात, एका भांड्यातलं खातात. एकाला सर्दी झाली की दुसऱ्याला होते. त्या घराची धूळ, ओल, मांजर, सगळं सगळ्यांच्या अंगात जातं. झालेले आजार लक्षात ठेवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यावरची प्रथिनं मग हळूहळू सारखी होत जातात. नात्याचा संबंध नाही. नवरा-बायकोचं तर रक्ताचं नातं नसतंच, पण त्यांच्या पेशी भावंडांपेक्षा एकमेकींसारख्या निघतात. पेपरवाले याला घरखूण म्हणायला लागले. आता आम्हीही तेच म्हणतो."

"बरं."

"घरखूण शंभरपैकी मोजतात. साठच्या वर गेली की एक घर. सगुणाबाईंची भावाशी एकोणीस आहे. लहानपणची, तळाशी राहिलेली. तुमच्याशी एक्क्याऐंशी."

दाणीबाईंनी टेबलावर एक कागद सरकवला. गेल्या वर्षी एका खटल्यात घरखूण पुरावा म्हणून मानली गेली होती आणि त्यानंतर नियम बदलले होते. ज्याला स्वतःचं म्हणणं सांगता येत नाही, अशा माणसाला संस्थेतून हलवायचं तर नुसत्या रक्ताच्या नातेवाइकाची मागणी पुरत नव्हती. ज्याची घरखूण सगळ्यांत जवळची, त्याची लेखी संमती लागायची. मुदत तीस दिवस.

इंदुमतीनं चष्मा लावला. कागदावर छापलं होतं, 'निकटतम सहवासी', आणि त्यापुढे, 'इंदुमती गणपत खैरमोडे'. रेशनच्या, मतदारांच्या, कारखान्याच्या हजेरीच्या याद्यांत तिचं नाव येऊन गेलं होतं. अमक्याची अमकी म्हणून ते कुठं छापलेलं तिनं नवरा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तिनं ती ओळ तीनदा वाचली.

"मी न्हाई म्हटलं तर?"

"तर त्या इथंच राहतील," मेहजबीन म्हणाली.

"मग लिवा, न्हाई."

"तीस दिवस आहेत, इंदूताई," दाणीबाई म्हणाल्या. "भाऊ येतोय. त्याला भेटा तरी."

"भेटंन की. भेटायला काय जातंय."

*

मोरेश्वर लांजेवार साताऱ्याला गाडीतून उतरला आणि बसनं कोरेगावला आला. साठीचा, काटक, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, खांद्याला गच्च भरलेली पिशवी. आवारात येऊन तो चप्पल काढून उभा राहिला, जसं देवळाबाहेर राहावं तसा. सगुणा व्हरांड्यात गहू निवडत होती.

"फुलाबाई," त्यानं हाक मारली.

सगुणानं वर पाहिलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. तिनं एक खडा काढून बाजूला टाकला.

इंदुमतीनं त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. तो खुर्चीत बसला नाही, पायरीवर बसला.

"बाईचं नाव पंचफुला आहे जी," तो म्हणाला. "आम्ही फुलाबाई म्हनत होतो. माय मेली तवा मी चार सालचा होतो, बाई तेरा सालची. तिनंच वाढवलं मले. लग्न झालं होतं तिचं, पन सालभरात माघारी आली. आमच्या घराचं सारं तिच्याच हाती होतं."

"मग ती इकडं कशी आली?"

तो गहू निवडणाऱ्या हातांकडे पाहत राहिला.

"माझ्या घरवालीचं अन् तिचं वाजलं एक दिवस. कशावरून, तं धानाच्या कोठीच्या चाबीवरून. मी वावरातून तपून आलो होतो. बोलून गेलो, का तू या घरातली कोन होस. तिनं काई म्हनलं नाई. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या गाडीत बसली. आमच्याकडची एक बाई तिकडं गुऱ्हाळावर सैपाक करे, तिच्यापाशी जातो म्हने. पोचलीच नाई. कोल्हापुरात मी तीनदा जाऊन आलो, फोटो चिकटवले. मधातल्या गावात उतरून पाहावं, हे डोक्यात आलंच नाई."

इंदुमतीच्या मनात त्याच्याविषयी जे काही मऊ होऊ लागलं होतं ते एकदम घट्ट झालं. पुतण्याचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला.

"आन् आता कशापायी आलासा?"

"माफी मांगाले."

"तिला कळायची न्हाई ती."

"मले कळते ना जी," मोरेश्वर म्हणाला.

इंदुमती उठली. ती आत जाऊन चहा टाकून आली.

पिशवीत त्यानं शिंगाडे आणले होते. त्यांच्या घरामागं लहानसं तळं होतं, बोडी म्हणत त्याला, तिथले. काळ्या सालीचे, दोन शिंगांचे, उकडलेले. कोरेगावात असलं काही कुणी खात नाही. इंदुमतीनं एक हातात घेऊन पाहिला, आणि शिंग बोटाला टोचलं म्हणून खाली ठेवला.

सगुणानं गव्हाचं ताट बाजूला सारलं. एक शिंगाडा उचलला, दातांनी एका बाजूचं शिंग मोडलं, मग दुसऱ्या, अंगठ्याच्या नखानं साल मधोमध फोडली आणि आतला पांढरा गर अख्खा बाहेर काढला. निमिषभराचं काम. पंधरा वर्षांत इंदुमतीनं तिचे हात इतके झपझप चालताना पाहिले नव्हते. तो गर सगुणानं इंदुमतीच्या तळव्यावर ठेवला आणि 'हां' म्हणाली. दुसरा स्वतः खाल्ला. मग बऱ्याच वेळानं, त्याच्याकडे न पाहता, तिसरा मोरेश्वरपुढं धरला.

त्यानं तो खाल्ला नाही. मुठीत धरून बसून राहिला.

*

तो बसस्थानकाजवळच्या धर्मशाळेत उतरला होता. सकाळी नऊला यायचा, संध्याकाळी पाचला जायचा. संमतीचं नावही काढायचा नाही. आवारातलं गवत काढलं, मागच्या नळाची गळती बंद केली, दाणीबाईंनी नको म्हटलं तरी. सगुणा त्याला ओळखत नव्हती, पण त्याचं येणं तिला खटकत नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं त्याच्यासाठीही पाट मांडला.

त्याच दुपारी मालगाडीचा भोंगा लांबला. सगुणा कान दाबून भिंतीला टेकली आणि थरथरू लागली. मोरेश्वर धावला, त्यानं तिचा दंड धरला, उजवाच. ती किंचाळली. इंदुमतीनं त्याला बाजूला केलं आणि सगुणाच्या पाठीवर तळहातानं थोपटायला लागली, शिलाई मशीन चालावं तसं, एका लयीत, टक टक टक टक. हळूहळू थरथर थांबली.

मोरेश्वर दूर उभा राहून बघत होता.

"मले हे येत नाई," तो म्हणाला. "मी नेलं तिले अन् असं झालं, तं मी काय करू?"

तो गेल्यावर इंदुमतीनं दाणीबाईंच्या फोनवरून मेहजबीनला फोन लावला.

"ती तिकडं गेली तर माझी घरखूण तिच्यावरनं जाईल का?"

"आठ-दहा वर्षांत पुसट होईल. तळाशी थोडी राहील. नव्या घराची वर चढेल."

"आन् माझ्यावरची?"

"तुमच्यावरचीही तशीच, आजी."

"तिला भाऊ आठवतो का, तेवढं सांग."

"ते यंत्राला नाही सांगता येत. पेशींना जे आठवतं ते माणसाला आठवतंच असं नाही."

"बरं, आणिक एक. मी म्हातारी हाय. तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. मी गेल्यावर ह्या कागदावर कुणाचं नाव येईल?"

"त्यानंतरचं जे सगळ्यांत जवळचं असेल त्याचं," मेहजबीन म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मी आत्ता यादी बघतेय. निवाऱ्यातलं बाकी कुणीच चाळिसाच्या वर नाही."

इंदुमतीनं फोन ठेवला. हिशेब सोपा होता, आणि एवढे दिवस तिनं तो मुद्दाम केला नव्हता. तिला काही झालं, तर सगुणाचा टच् म्हणजे भूक की भीती, हे सांगायला या आवारात एकही माणूस नव्हतं. मायेपोटी ती तिला जवळ ठेवून घेणार, आणि एके दिवशी मुक्या बाईला मुक्यानंच सोडून जाणार.

दुसऱ्या दिवशी तिनं कागद मागितला.

"नीट विचार केलात ना?" दाणीबाईंनी विचारलं.

"केला. मी मेल्यावर त्याला कोण शिकवायचं? हात चालत्यात तोवर शिकवते."

तिनं सही केली. दाणीबाईंनी कागद घडी करून ठेवला.

त्यानंतरचे आठ दिवस इंदुमतीनं मोरेश्वरची शिकवणीच घेतली. सगुणा जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवते, तोवर घास पुढं करायचा नाही. 'हां' एकदा म्हणजे हो, दोनदा पटापट म्हणजे पुरे झालं. टच् करून मान वळवली तर तिला एकटं सोडायचं, पण टच् करून पदर धरला तर अजिबात सोडायचं नाही. केस धुताना पाणी मागून ओतायचं, पुढून नाही. मोरेश्वरनं नातीची एक जुनी वही आणली होती, तिच्यात तो सगळं लिहून घ्यायचा. पाठीवर थोपटायची लय त्याला जमेना. घाई करायचा.

"सावकाश," इंदुमती म्हणायची. "कापड वढायचं नसतं. कापड आपसूक फुडं जातं."

सहाव्या दिवशी भोंगा झाला, तेव्हा ती मुद्दाम जागची उठली नाही. मोरेश्वरनं थोपटलं. वेळ लागला, पण सगुणा शांत झाली. इंदुमती आत गेली आणि विनाकारण डबे पुसत बसली.

नियमात एक सोय होती. जाणारं माणूस रुळेपर्यंत सहवासी माणसाला सोबत जाता यायचं. दाणीबाईंनी इंदुमतीचं जायचं आणि तीन आठवड्यांनंतरचं सोमवारचं परतीचं तिकीट काढून दिलं.

*

उमरटोलीच्या घरासमोर जीप थांबली, तेव्हा मोरेश्वरची बायको कौसल्या दारातच उभी राहिली. पुढं आली नाही. सून आली, तिनं सगुणाच्या पायावर पाणी घातलं. आठ वर्षांची नात, आर्या, आईच्या मागून डोकावत राहिली. सगुणानं घराकडे पाहिलं आणि इंदुमतीचा पदर धरला. दोन दिवस तो तिनं सोडला नाही.

इंदुमतीला तिथलं काहीच ठाऊक नव्हतं. भात दोन्ही वेळेला. भाजीत लाखोळीची डाळ. बोलणं अर्धं कळायचं, अर्धं अंदाजानं घ्यायचं. तिनं कुणाला 'इकडं ये' म्हटलं की आर्या खुदकन हसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणानं पदर सोडला. घरामागच्या दारानं बाहेर पडली आणि बोडीच्या दिशेनं चालू लागली. इंदुमती मागं. तळ्याच्या पाळीवर, बांधावर येऊन सगुणानं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि सरळ पाण्यात उतरली.

"सगुणे! अगं खोल असंल!" इंदुमती काठावरून ओरडली. तिला पाण्याची भीती वाटायची. कराडला दोन नद्यांच्या काठावर आयुष्य काढूनही ती कधी पायरीखाली गेली नव्हती.

सगुणा मांडीभर पाण्यात उभी होती. चिखलात कुठं पाय द्यायचा आणि कुठं नाही ते जणू तिला ठरवावंच लागत नव्हतं. वेली उचलून ती खालचे शिंगाडे तोडत होती. वळून तिनं इंदुमतीकडे पाहिलं आणि हात पुढं केला. इथं आता रस्ता तिला माहीत होता. इंदुमती घाबरत घाबरत घोटाभर पाण्यात उतरली आणि तिचा हात धरून उभी राहिली.

शेजारची एक म्हातारी पाळीवरून चालली होती. तिनं कौसल्याला ओरडून विचारलं, "ते दुसरी कोन व्हय वो?"

कौसल्या मागच्या दारात उभी होती. ती कधीपासून पाहत होती कोण जाणे.

"आमच्या बाईची बहीन आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी दुपारी ती पहिल्यांदा इंदुमतीजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "वाजवलं मीच होतं तवा. यायनं, आर्याच्या आज्यानं, आपल्यावर घेतलं, पन जीभ माझीच होती. काल कोठीची चाबी मी बाईच्या हाती देली. तिनं खाली ठेवून देली."

"तिला चावीचं काय न्हाई आता."

"तुम्ही गेल्यावर मले हात लावू देईल काय?"

"डाव्या बाजूनं जा," इंदुमती म्हणाली. "आन् आधी तिच्या हाताला काम दे. रिकाम्या हाताला धरलं तर ती बिचकती."

दोन आठवडे झाले असतील. आर्यानं शाळेतून सर्दी आणली. दुसऱ्या दिवशी सुनेला, मग मोरेश्वरला, मग कौसल्याला, मग सगुणाला. शेवटी इंदुमतीला, आणि तिला सगळ्यांत जास्त. इथली सर्दी तिच्या अंगाला नवी होती. तीन दिवस ती तापानं फणफणली. जागी व्हायची तेव्हा सगुणा उशाशी असायची, ओली घडी पिळून कपाळावर ठेवायची, आणि ठेवून झालं की 'हां' म्हणायची. कौसल्या सुंठ-तुळशीचा काढा घेऊन यायची, आणि तो घोटभर सगुणालाही प्यायला लावायची, डाव्या बाजूनं जाऊन. सगुणा प्यायची.

चौथ्या दिवशी ताप उतरला. इंदुमती छपरीत येऊन उन्हाला बसली. तिच्या एका बाजूला मोरेश्वर शिंकत होता, दुसऱ्या बाजूला सून, पायाशी आर्या. सगुणाला शिंक आली, तशी आर्यानं मोजली, "अकरा!" आणि सगळे हसले. इंदुमतीलाही हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं, याची कुणी चौकशी केली नाही.

शनिवार होता. मोरेश्वरनं रुमालानं नाक पुसलं.

"सोमवारच्या गाडीले मी गोंदियापावतर येतो जी, सोडाले," तो म्हणाला. "राहा म्हनाचं माझं तोंड नाई. कोनाले या घरात राहा म्हनाचं अन् कोनाले जा म्हनाचं, हे मी आता बोलतच नाई."

सगुणा आता रुळली होती. कौसल्याच्या हातून खात होती, मोरेश्वरच्या थोपटण्यानं शांत होत होती. ज्या कामासाठी इंदुमती आली होती ते झालं होतं. निवाऱ्यात परत जायचं, व्हरांड्यात बसायचं, आणि नाडीचं दुसरं टोकही आता आपणच ओढून घ्यायचं. तिनं मनाची तयारी केली होती. केली नव्हती असं नाही.

संध्याकाळी कौसल्या आतून एक गाठोडं घेऊन आली. निळं कापड आणि पांढरं कापड. मागून सुनेनं शिलाई मशीन सरकवत आणलं. त्याच्यावर वर्षाची धूळ होती, पट्टा सैल झाला होता.

"आर्याचा शाळेचा डिरेस," कौसल्या म्हणाली. "साकोलीचा शिंपी उसवतं असं शिवते. गुरुवारी शाळेत पाहुने येऊन राहिले. गुरुवारपावतर होईल काय?"

इंदुमतीनं तिच्याकडे पाहिलं. कौसल्या कापडाची घडी नीट करत होती, मान वर करत नव्हती. गुरुवार सोमवारनंतर येतो, हे तिला माहीत नव्हतं असं म्हणता आलं नसतं.

"तेल लागंल मशिनीला," इंदुमती म्हणाली. "आन् पट्टा नवा."

"यायले आताच पाठवतो."

मोरेश्वर चप्पल घालून निघालाच. सगुणा येऊन मशीनपाशी बसली आणि पदरानं त्याची धूळ पुसू लागली.

रविवारी सकाळी इंदुमतीनं दाणीबाईंना फोन लावला. तिचा आवाज अजून बसलेलाच होता.

"दाणीबाई, माझी कॉट कुणाला तरी द्या. खाली पेटी हाय, तिच्यात कात्री हाय माझी मोठी, तेवढी पोस्टानं पाठवा. बाकीचं काय नको."

दाणीबाईंनी विचारलं, "किती दिवसांसाठी देऊ कॉट, इंदूताई? रजिस्टरात लिहावं लागेल."

"लिवू नका काय. ठेवते. माप घ्यायचं खोळंबलंय."

तिनं फोन सुनेच्या हाती दिला, गळ्यातली टेप काढली आणि आर्याला समोर उभं केलं. पोरगी छाती फुगवून, श्वास रोखून ताठ उभी राहिली.

"श्वास सोड गं," इंदुमती म्हणाली. "असं ताठून उभं राहायचं न्हाई. सैल राहा. माप घ्यायचं ते वाढत्या अंगाचं घ्यायचं असतं."